फौजदाराचा वाटा

धुळाप्पाच्या मेंढरांच्या कातरणीला वस्तीवरचं कुणी येईनासं झालं, त्याला सहा वर्षं झाली.

ज्यानं मेंढरं राखली न्हाईत त्याला वाटंल, ह्यात काय एवढं? पण धनगरवस्तीवर कातरण म्हंजी घरचं लगीनच. आज ह्याची मेंढरं, उद्या त्याची. धा-बारा गडी कातऱ्या घिऊन बसत्यात, एकजण मेंढरू पाडतो, एकजण पाय धरतो, आन् लोकरीसंगट समद्या तालुक्याच्या भानगडी सोलून निघत्यात. मजुरी न्हाय. तू माझ्याकडं ये, मी तुझ्याकडं येतो, दुपारचं जेवाण घरधन्याचं. ज्याच्याकडं कुणी येत न्हाय त्यो गडी चालता-बोलता असून मेल्यात जमा.

तसा धुळाप्पा मेल्यात जमा हुता. मंद्रुपाच्या खालतीकडं माळावर त्याचं घर. त्यो आन् त्याची बायकू मायाक्का, दोघंच कातरायची. मायाक्का मैंदर्गीकडची, रागाला आली की कानडीत शिरायची. कातरणीच्या दिवसांत ती मराठी बोलायचीच न्हाय म्हणा ना.

समदं झालं एका मेंढ्यापायी.

मेंढा मंद्रुपच्या आबासाहेबांचा. नाव सरदार. नाक पोपटाच्या चोचीवाणी वळल्यालं, कान हातभर लांब, उभा राह्यला की बघणारा सायकल थांबवायचा. आबासाहेब बागायतदार, त्यांना मेंढ्याचा नाद. पण मेंढा वाढवायला माळ लागतो आन् त्याच्यामागं फिरायला पाय लागत्यात, ते धुळाप्पाचे. नाव आबासाहेबांचं, राखण धुळाप्पाची, पैदास दोघांची, असं ठरल्यालं. धुळाप्पानं त्याला पोरावाणी वाढवला. थंडीत आपलं घोंगडं त्याच्यावर टाकायचा आन् आपण कुडकुडत बसायचा. मायाक्का म्हणायची, "मला कदी घातलंय का असं घोंगडं?" त्यो म्हणायचा, "तुझं नाक हाय का असं?"

सरदार अजून दोन दाती हुता, म्हंजी नुकताच वयात आल्याला, तवाच आबासाहेबांनी काढलं, बार्शीला प्रदर्शनात न्यायचा. भर उन्हाळ्यात, टेम्पोत घालून. धुळाप्पा न्हाय म्हणाला. मंद्रुपच्या बाजारात, चार माणसांत दोघांची जुंपली. आन् रागाच्या भरात धुळाप्पाच्या तोंडातनं गेलं, "न्हेऊन तर बघा. मेल्यालाच बघशीला!"

त्याच आठवड्यात सरदार मेला. सकाळी दूध पिला, हरभरं खाल्लं, आन् ऊन वर यायच्या आत मान मागं टाकली. अंग तापल्यालं, तोंडाला फेस, पाय ताठ. धुळाप्पानं डोकं मांडीवर घेतलं, मायाक्कानं पाणी मारलं. मांडीवरच गेला.

फेस बघितला आन् आबासाहेबांनी एकच शब्द काढला. "इष."

बाजारातलं बोलणं समद्यांनी ऐकल्यालं. धुळाप्पा पायावर पडला, म्हणाला डाक्टर आणा, फाडून बघा. दवाखान्याचा म्हातारा डाक्टर आला, फाडलं, म्हणाला मेंदू सुजलाय, वर लाल वळ हायेत, कशानं ते कळत न्हाय. पोटातलं तपासायला पुण्याला धाडलं, त्याचा जबाब काय आलाच न्हाय. मेंदूचा एक तुकडा त्यानं काचंच्या बरणीत, झोंबऱ्या वासाच्या पाण्यात टाकला, वर चिठ्ठी डकवली आन् बरणी कपाटावर ठिवली. पुढं त्याची बदली झाली. बरणी ऱ्हायली.

मंग आबासाहेब म्हणाले, देवाम्होरं बोल. बिरोबाच्या देवळात समदी वस्ती जमली. धुळाप्पानं मुठीत भंडारा घेतला आन् म्हणाला, "माझ्या हातनं ह्याचं मरान आलं असंल तर माझी मेंढरं माझ्या डोळ्यादेखत जाऊ देत." कपाळाला भंडारा लावला आन् घरी आला. त्याला वाटलं, मिटलं.

कशाचं मिटतंय! त्याच सालापासनं त्याच्या मेंढरांत चक्री शिरली.

चक्री मेंढपाळाला नवी न्हाय. मेंढरू एका अंगाला मान टाकतं आन् गोल फिरत सुटतं. चरत न्हाय, पीत न्हाय, फिरून फिरून मरतं. मेल्यावर टाळू फोडली की आत पाण्याची पिशवी, एखादी लिंबाएवढी. हे आज्जा-पणज्यापासनं ठावं. कुणाकडं वर्सात एखादं जायचं, कुणाकडं दोन. धुळाप्पाकडं रांगच लागली. आन् मंग वस्ती बोलायला लागली, भंडारा बोलला. कातरणीला येणं थांबलं. शेतकरी रानात खतासाठी मेंढरं बसवायला बोलवायचं, ते बी थांबलं; ज्याच्या कळपाला देवाचा कोप, त्याचं खत कशाला रानात? धुळाप्पा म्हणायचा, "मी केलं न्हाय," आन् त्याच्या मागं एखादी मेंढी गोल गोल फिरत असायची.

त्याच्या बाजूनं येकच प्राणी ऱ्हायला. त्याचा कुत्रा. नाव फौजदार. दिसायला तसाच, पाय पसरून बसायचा आन् येणाऱ्या-जाणाऱ्याकडं गुन्हेगारावाणी बघायचा. ऐन जवानीत लांडग्याशी भिडून कान फाडून घेतल्याला. धुळाप्पा त्याला मानायचा. वस्तीची रीतच हुती, मेंढरू मेलं का कापलं, मुंडकं कुत्र्याचं. टाळू फोडायची, आन् पिशवीसकट कुत्र्याम्होरं टाकायचं. रातभर थंडीत आपल्या मालासाठी जागतो, त्याचा वाटा त्याला नको का? कुणी मुंडकं घरात शिजवलं तर म्हातारी माणसं तोंडावर थुकायची, कुत्र्याचं खातोस व्हय रं, म्हणून.

*

सरत्या पावसाळ्यात एक पोरगी मोटरसायकलवर वस्तीवर आली. पाठीला पिशवी, डोक्याला रुमाल. मूळ बार्शीची, सोलापुरात जनावरांच्या रोगांवर शिकत हुती. नाव वैजयंती.

"धुळाप्पा मामा तुम्हीच ना?"

"व्हय. इमा उतरवायला आला आसशीला तर माघारी जावा. हितं मरणारं लई हायेत, तुमची कंपनी बुडंल."

ती हसली. म्हणाली, "मी डॉक्टर आहे, जनावरांची. तुमच्या मेंढ्याची बरणी मला सापडली."

धुळाप्पाच्या हातातली काठी खाली गेली. मायाक्का भाकरी तव्यावर सोडून भायेर आली. "एनातु?" ती म्हणाली, आन् मंग मराठीत, "काय झालं म्हंते मी!"

पोरीनं सांगितलं. ती जुन्या दवाखान्यांतनं असल्या बरण्या गोळा करत हुती. जुन्या मांसात रोगाच्या जंताची खूण अजून सापडती का, हे बघायचं तिचं काम.

"इष निघंल का त्यात?"

"विष शोधणं माझं काम नाही मामा. मी जंताचा डीएनए शोधते."

"त्यो काय आसतोय?"

ती इचारात पडली. समोर मेंढरं हुती. धुळाप्पाच्या समद्या मेंढरांच्या डाव्या कानाला दोन कातरा मारल्याल्या, ही त्याच्या कळपाची खूण. तिनं इचारलं, "ही मेंढरं दुसऱ्याच्या कळपात शिरली तर ओळखता कशी?"

"कानावरनं की. वस्तीवरच्या शरणबसवाची एक कातर, मधी. माझ्या दोन."

"तसंच. प्रत्येक जंताच्या अंगात, अगदी कणाकणात, त्याची अशी खूण असते. जंत मेला, विरघळला, तरी खूण मांसात राहू शकते. पण त्या बरणीतल्या पाण्यानं, फॉर्मलिननं, तिचे बारीक तुकडे होतात. अख्खा कान मिळायचा नाही."

"मंग?"

"तुकड्यावर कातर असली तरी पुरे की."

हे मातर धुळाप्पाला पक्कं समजलं. कोल्ह्यानं खाल्ल्याल्या मेंढराच्या कानाच्या चिंधीवरनं त्यानं धनी सांगितल्याला हुता. त्यानं तिला खाटंवर बसवलं, दूध दिलं, समदं सांगितलं. चक्रीचं बी. तिनं इचारलं, "मेलेल्या मेंढरांची मुंडकी काय करता?"

"फौजदाराला. त्याचा वाटा त्यो." अभिमानानं म्हणाला.

पोरीनं इचारलं, "मेंढरांना जंताचं औषध देता?"

"येळच्या येळी. हयगय न्हाय."

"आणि कुत्र्याला?"

"कुत्र्याला कोण देतंय बाई!"

तिनं पिशवीतनं एक बारकी डबी काढली, आत थोडं स्पिरिट. फौजदारामागं गेली आन् माळावर त्यानं केल्याली घाण काडीनं उचलून डबीत घेतली. धुळाप्पाला हसू आवरंना. "आमच्या फौजदाराचं हे बी सोलापूरला? मायाक्का, बघ गं, साहेबांची बदली झाली!"

जाताना ती म्हणाली, "मामा, निकाल येईपर्यंत कुत्र्याला कच्चं मुंडकं घालू नका."

"न्हाय घालत," धुळाप्पा म्हणाला. आन् दिवाळीच्या आधी त्याची बाळी मेंढी चक्रीनं मेली तवा घातलं. डाक्टर लोकांचं काय, त्येला सोलापूरच्या एका डाक्टरनं तंबाखू बी सोडायला सांगितल्याली.

*

मंग त्यानं तिचा जीव खाल्ला. फोन करायचा माळावरच्या टेकाडावर जाऊन, तितंच रेंज यायची. "निघालं का?" ती म्हणायची, अजून बरणीचं पाणी धुवून काढतेय, घाई केली तर बिघडतं. पुन्यांदा फोन. "निघालं का?" ती म्हणाली, एकदा करून बघितलं मामा, काही दिसलं नाही. त्या दिवशी धुळाप्पा जेवला न्हाय. मायाक्का म्हणाली, "सा वर्सं देवाच्या निकालावर जगलाव, आता मशिनीच्या निकालावर मरताव व्हय?" पण तिनं बी भाकरी तशीच झाकून ठिवली.

पोरीनं हट्ट सोडला न्हाय. मोठा तुकडा शोधत हुती, त्यो सोडून अगदी बारका शोधायला लागली. संक्रांत झाली आन् तिचाच फोन आला. "मामा, या."

धुळाप्पानं पटका धुवून बांधला. तिच्यासाठी आपल्या मेंढरांच्या लोकरीचं नवं घोंगडं काखंत मारलं, एसटीत बसला. सोलापूरच्या स्टँडवरनं चालतच गेला. प्रयोगशाळा म्हंजी एक थंडगार खोली, वरमाय बसल्यावाणी मधोमध एक मशीन. त्याला वाटलं हुतं, मेंढ्याचं मुंडकं तरी दिसंल. तिनं दावला एक फोटो. काळी पाटी, तिच्यावर पांढऱ्या आडव्या रेघा.

"ही पहिली रेघ माहितीतल्या जंताची, ताडून बघायला. ही तुमच्या सरदारची. बघा, एका ओळीत आल्यात. नंतर अक्षर न् अक्षर जुळवून घेतलं. चक्रीचाच जंत आहे मामा."

"चक्रीचा? पर त्यो फिरला न्हाय की बाई. त्याच्या डोक्यात पिशवी न्हवती."

"पिशवी व्हायला महिने लागतात. एकदम खूप अंडी पोटात गेली, तर बारीक अळ्या मेंदूत घुसतात. पिशवी व्हायच्या आधीच ताप, फेस, झटके. जनावर दोन दिवसांत जातं. मेंदूवरचे लाल वळ होते ना? ती त्यांची वाट."

"म्हंजी इष न्हाय?"

"विष नव्हतंच असं माझी ही तपासणी सांगू शकत नाही. पण मेंदूत हा जंत होता, आणि जे तुम्ही बघितलंत ते सगळं ह्याच्याशी जुळतं. माझ्या मते ह्यानंच मेला."

धुळाप्पा खाली फरशीवर बसला. पटका काढून मांडीवर घेतला. सा वर्सं छातीवर बसल्यालं कायतरी उठून गेलं. "एवढीशी रेघ," त्यो म्हणाला. "एवढ्याशा रेघंनं मला खाल्लं." आन् रडला. पोरीनं पाणी दिलं. त्यानं पिलं, डोळं पुसलं, आन् जे इचारायला नको हुतं ते इचारलं.

"ही अंडी येत्यात कुटनं?"

पोरीनं फोटोवर बोट सरकवलं. तितं तिसरी रेघ हुती. ती बी त्याच ओळीत.

"ही फौजदारची, मामा. त्या डबीतली."

त्याला कळंना. तिनं हळू सांगितलं. मेंढराच्या डोक्यातल्या पिशवीत जंताची पिल्लं आसत्यात. कुत्र्यानं ती कच्ची खाल्ली की त्याच्या आतड्यात जंत वाढतो. कुत्र्याला काय हुत न्हाय. त्यो माळभर हगतो, अंडी गवताला लागत्यात, मेंढरं ते गवत चरत्यात, आन् अंड्यातली अळी मेंदूत जाती. मेंढरू मरतं. त्याचं मुंडकं परत कुत्र्याला.

"फिरतंय," धुळाप्पा म्हणाला.

"हो."

"गोल."

तिनं मान हलवली.

"मला कुणी सांगितलं न्हाय बाई," त्यो म्हणाला. "गोळ्या वाटायला येत्यात, लसी टोचायला येत्यात. हे कुणी सांगितलं न्हाय."

"सांगायला हवं होतं," ती म्हणाली. "मीसुद्धा त्या दिवशीच सांगायला हवं होतं, नुसतं नका घालू म्हणाले. मी येऊ का वस्तीवर? मी सांगते सगळ्यांना."

"नको. माझं मी सांगतो."

तिनं फोटो त्याच्या मोबाईलवर टाकला, फौजदारासाठी गोळ्या दिल्या, म्हणाली गोळी दिल्यावर काही दिवस त्याची सगळी घाण पुरून टाका, आणि पुढंही गोळी चुकवू नका. घोंगडं तिनं घेतलं. नको नको म्हणत हुती, पर त्याचं तोंड बघून घेतलं.

*

घरी न जाता त्यो मंद्रुपात उतरला. आबासाहेबांनी आता मंगल कार्यालय बांधल्यालं, दारात दोन सिमेंटचं हत्ती. मेंढ्याचा नाद कवाच सुटल्याला. आबासाहेब हापिसात एसीत बसल्यालं.

"या धुळाप्पा! पोराचं लगीन काढलं काय? तारीख सांग, हॉल देतो."

"मला पोरगं न्हाय, मालक."

"आरं हां. मंग?"

धुळाप्पानं मोबाईल म्होरं धरला. "सरदारचा निकाल आला. इष न्हवतं. रोग हुता, डोक्यातला. ही बगा रेघ."

आबासाहेबांनी चष्मा चढवला. "काय एक्सरे हाय का? कुणाचा? कुठला सरदार?"

"तुमचा मेंढा."

"मेंढा!" आबासाहेब मागं रेलून हसलं. "आरं तिच्या! त्यो व्हय? नाक हुतं हां त्याला, नाक झ्याक हुतं. रोगच आसंल की. मी तवाच म्हणलं हुतं, कायतरी रोग दिसतोय."

"तुमी इष म्हणलाव, मालक."

"मी? छ्या. कुणी पोराटोरानं म्हणलं आसंल. तू लई मनाला लावून घेतोस राव. आमी कवाच इसरलो." त्यांनी बेल दाबली. "ए, च्या सांग रे एक."

"उद्या शरणबसवाकडं कातरण हाय," धुळाप्पा म्हणाला. "समदी आसत्यात. तितं येऊन एक शबूद टाका. रोग हुता म्हणून. तुमी म्हणला तर ऐकतील."

"उद्या हॉलला लगीन हाय बाबा, दोन दोन पार्ट्या. तू सांग की. माझं नाव घालून सांग, माझी काय हरकत न्हाय."

च्या आला. धुळाप्पानं घेतला न्हाय. सा वर्सं ज्या शब्दाखाली त्यो दबला हुता, त्यो शबूद टाकणाऱ्याला आठवत बी न्हवता. ह्यापरीस त्यानं परत शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

घरी मायाक्का वाटंला डोळं लावून. त्यानं तिला समदं सांगितलं, तिसऱ्या रेघंसकट. ती लई येळ फौजदाराकडं बघत ऱ्हायली. मंग म्हणाली, "ऐका माझं. रोग हुता, एवढंच सांगा. फौजदाराचं नाव काढू नका. खोटं न्हाय ते."

"न्हाय, खोटं न्हाय," त्यो म्हणाला.

*

दुसऱ्या दिवशी त्यो शरणबसवाच्या वाड्याला गेला. वाडा म्हंजी उघड्या माळावर जाळ्याचं कुंपण, आत मेंढरं. गडी बसल्यालं, कातऱ्यांचा आवाज चालू. धुळाप्पा उभा ऱ्हायला. कातर कमरंला खोचल्याली. कुणी ये म्हणलं न्हाय, जा म्हणलं न्हाय.

शरणबसवच म्हणाला, "काय, वाट चुकला काय?"

"निकाल आला," धुळाप्पा म्हणाला आन् मोबाईल फिरवला. सरदार इषानं मेला न्हाय. डोक्यात चक्रीच्याच जंताच्या अळ्या घुसल्या, पिशवी धरायच्या आधी. सोलापूरच्या मशिनीनं सांगितलं. आबासाहेब बी म्हणत्यात, रोगच हुता, माझं नाव घालून सांग.

मोबाईल ह्या हातातनं त्या हातात गेला. रेघा कुणाला कळल्या न्हाईत, पर आबासाहेबांचं नाव कळलं. एक म्हातारा म्हणाला, "मला आधीच वाटत हुतं." दुसरा म्हणाला, "मंग बोलला का न्हाईस थेरड्या?" हशा झाला. कातऱ्या थांबल्या, परत चालू झाल्या. आन् शरणबसव जरा सरकला. घोंगड्यावर माणसापुरती जागा झाली.

"बस," त्यो म्हणाला. "ह्याचं पाय धर."

धुळाप्पा बसला. मेंढराचं पाय धरलं. शेजारच्या गड्याचा खांदा त्याच्या खांद्याला लागला, घामाचा, तंबाखूचा वास आला. कुणीतरी कुणाच्या तरी सुनंची भानगड सांगत हुतं, आन् त्याला न बघता म्हणालं, "धुळाप्पा, तुझ्याकडची कातरण कवा काढतोस?" "काढू की," त्यो म्हणाला. "सोमवारी काढू."

दुपारच्या जेवणाला शरणबसवानं चक्रीतलं एक मेंढरू कापल्यालं. त्याची म्हातारी आई अंबुबाई चुलीम्होरं बसल्याली. तिनं हाक मारली, "आरं, कुत्री कवाची बसल्यात. त्यांचं टाका की!" शरणबसव उठला. मुंडकं दगडावर घेतलं, कुऱ्हाडीनं टाळू फोडली. पाण्याची पिशवी चमकली. तीन कुत्री शेपट्या हलवत उभी.

धुळाप्पाच्या हातात मेंढराचं पाय हुतं. त्यानं मान खाली घातली. खोटं न्हाय ते, मायाक्का म्हणाली हुती. सोमवारी ही समदी त्याच्या दारात येणार हुती. बोलला न्हाय तर कुणाला कळणार हुतं?

माळावर शरणबसवाची कोकरं चरत हुती.

"टाकू नगंस," धुळाप्पा म्हणाला.

"आँ?"

"मुंडकं. कुत्र्याला टाकू नगंस. त्यानंच हुतं." आन् मंग त्यानं समदं सांगितलं. अंडी, गवत, तिसरी रेघ. फौजदार. सांगताना त्याला कळत हुतं, कुटल्या शब्दावर कोण गप झालं, कोणाची कातर थांबली.

शरणबसव कुऱ्हाड टेकून उभा. "थांब थांब. म्हंजी सरदार तुझ्या कुत्र्यानं मारला?"

"माझ्या कुत्र्याच्या... व्हय."

"आन् कुत्र्याला मुंडकं घातलं कुणी?"

"मी."

"म्हंजी तुझाच हात हुता की रं!" शरणबसव माणसांकडं वळला. "आन् सा वर्सं हे म्हणतंय, मी न्हाय त्यातला!"

"आरं पर तू बी घालतूयस! समदी घालत्यात!"

"आमची मेंढरं तुझ्यावाणी रांगंनं मरत न्हाईत. कुत्र्यावर ढकलतोय व्हय आता? मुक्या जनावरावर?"

अंबुबाई चुलीवरनं उठली. तिनं शिवी दिली न्हाय, आवाज चढवला न्हाय. म्हणाली, "धुळ्या, तू काय म्हणला हुतास देवाम्होरं? माझ्या हातनं असंल तर मेंढरं जाऊ देत. गेली का न्हाय? मशीन आज बोलली. देव तवाच बोलला हुता."

खरं सांगायचं तर धुळाप्पाला बी तसंच वाटत हुतं.

त्यो उठला तवा त्याची जागा लगीच भरली. मागं वळून बघितलं तर मुंडकं दगडावर न्हवतंच. बोलाचालीत कुत्र्यांनी ओढून न्हेल्यालं, दोघं दोन अंगांनी ताणत हुती. आन् वस्ती बघून हसत हुती.

घरी आला. मायाक्कानं त्याचं तोंड बघितलं. "हुच्चा," एवढंच म्हणाली, येडा म्हणायचं असलं की ती तसं म्हणायची. मंग कातर काढली आन् दगडावर घासायला बसली. सोमवारी दोघांनाच बसायचं हुतं.

त्यानं गोळी भाकरीत घालून फौजदाराला दिली. फौजदारानं वास बी न घेता खाल्ली. धन्याच्या हातची भाकरी, वास कशाला घिईल? मंग धुळाप्पा फावडं आन् राख घिऊन त्याच्या मागं मागं माळावर फिरायला लागला. रस्त्यानं जाणारी पोरं वरडायची, "फौजदाराच्या मागं शिपाई निघाला!" त्यो मान खाली घालून खड्डं घ्यायचा, घाण पुरायचा.

त्याच आठवड्यात त्याची भुरी मेंढी मेली. चार दिवस गोल फिरून, पार पाय मोडून पडली. धुळाप्पानं मुंडकं येगळं केलंच न्हाय. कमरंएवढा खड्डा खणला, अख्खी भुरी आत ठिवली, माती लोटली, वर दगडं रचली, दगडांवर बाभळीच्या फांद्या.

फौजदार समोर येऊन बसल्याला. वाट बघत. शेपटी जमिनीवर आपटायचा, धन्याच्या तोंडाकडं बघायचा, परत खड्ड्याकडं. त्याच्या जन्मात त्याचा वाटा कदी चुकला न्हवता.

"न्हाय आता," धुळाप्पा म्हणाला. "जा."

फौजदार गेला न्हाय. उकरायला बी गेला न्हाय. फाटका कान हलवत त्यो खड्ड्याला पाठ करून, माळाकडं तोंड करून बसला. लांबनं दोन भटकी कुत्री वास काढत आली, तसा गुरगुरत उठला. धन्यानं पुरल्याला माल हाय, राखायचा, एवढंच त्याला समजलं हुतं.

धुळाप्पानं फावडं टेकवलं. त्यो बी तितंच बसला, कुत्र्याकडं पाठ करून, दुसऱ्या अंगाला तोंड करून.